खुडूक कोंबडी की आजारी कोंबडी? अंडी ठेवायच्या आधी नीट पाहा

कोंबडी जागची हलत नाही, कण्या टाकल्या तरी येत नाही, पिसं फुगवून बसली की घरातली म्हातारी माणसं लगेच म्हणतात खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली, ठेव अंडी तिच्याखाली. बहुतेक वेळा बरोबरच असतं त्यांचं. पण मानमोडी (राणीखेत, कोंबड्यांचा साथीचा रोग) लागलेली किंवा अंडं अडकलेली कोंबडी पण सुरुवातीला अशीच गप बसते, तिच्याखाली अंडी ठेवली तर अंडी तर जातातच, वरून मानमोडी असली तर बाकीच्या कोंबड्यांनाही लागते.

आधी पोटाखाली हात घालून पाहा. खुडूक असेल तर अंगावर येते, गुरगुरते, टोच मारते. आजारी कोंबडी उचलली तरी काही म्हणत नाही, डोळे मिटत येतात, पंख लोंबलेले. खुडूक कोंबडी अंडी काढून घेतली तरी त्याच टोपल्यात रिकाम्या कुटारावर (भुशावर) बसून राहते, आजारी कुठल्याही कोपऱ्यात बसते. तुऱ्यावरून मात्र ठरवू नका, फिका तर दोघींचाही पडतो.

माझ्या मते खरी ओळख शिटेवरूनच. खुडूक कोंबडी टोपल्यात घाण करत नाही, साठवून ठेवते, दिवसातून एखाद-दोन वेळा उठते आणि भलामोठा गोळा टाकते, वास असा की नवीन माणसाला वाटावं हिचं पोट सडलं बाप्पा! तसं काही नसतं, चांगलं लक्षण आहे ते. मग पाणी पिते, चार दाणे टिपते, धुळीत लोळते आणि पंधरा-वीस मिनिटांत पळत परत. आजारी कोंबडीची शिट पातळ, हिरवट-पांढरी, मागची पिसं चिकटलेली. अंडं अडकलेली असेल तर शेपटी खाली पाडून कुंथत राहते.

तरी खात्री नसेल तर दोन-तीन रात्री खोटी अंडी ठेवा आणि अंधारात टॉर्च मारून पाहा, नुसती अंडं घालायला बसलेली संध्याकाळी खुराड्यात निघून जाते, खुडूक तिथंच सापडते. मग रात्रीच 10-12 अंडी एकदम ठेवा, रोज एकेक वाढवत बसू नका, नाहीतर 21 दिवसांनी अर्धी पिल्लं निघतात आणि कोंबडी ती घेऊन उठून जाते, राहिलेली अंडी थंड. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात जमवून ठेवलेली अंडी वापरूच नका, उन्हाच्या गरमीनं आत वाढ सुरू होऊन मधेच मरते.

एक भानगड अजून. चांगली खुडूक कोंबडी पण बसल्या बसल्या आजारी पडू शकते, कारण टोपल्याच्या फटीतले बारीक लाल किडे रात्री रक्त पितात. तुरा पांढराफट्ट दिसला, किंवा दिवसा उठून ती परत बसायला तयार नसली तर रात्री टोपलं पाहा, किडे दिसले की कुटार जाळून नवीन टोपल्यात अंडी हलवा आणि तिच्या लोळायच्या जागी चुलीतली राख टाका. पिल्लं निघाल्यावर किडे त्यांनाही सोडत नाहीत.