आपोआप सरळ होणारे पाय, आणि न होणारे

मूल दीड वर्षाचं झालं, चालायला लागलं, की चाळीतल्या झाडून सगळ्या आज्या त्याचे पाय बघतात. गुडघ्यांमध्ये फट दिसते, चाल फेंगडी वाटते. मग खापर फुटतं डायपरवर, नाहीतर मालीशवालीवर. दोघंही निर्दोष! साधारण दोन वर्षांपर्यंत पाय बाहेर वाकलेले असतातच. तीन-चार वर्षांचं झाल्यावर उलटं होतं, गुडघे एकमेकांवर घासू लागतात. सातव्या वर्षापर्यंत बहुतेक मुलांचे पाय आपसूक ताळ्यावर येतात. एकाच पायाला जास्त बाक असेल किंवा तो वाढतच चालला असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं. कारण मुडदूस, म्हणजे ड जीवनसत्त्व कमी पडून हाडं मऊ होणं, असू शकतो. हे जीवनसत्त्व अंगावर पडणाऱ्या उन्हातून मिळतं. उन्हाने भाजून निघणाऱ्या मुंबईतही तो होतो, कारण इमारतीला खेटून इमारत असलेल्या वस्तीत ऊन अंगावर पडतंय कुठे?

पण 'मोठं झालं की होईल नीट' हे वाक्य क्लबफूटच्या बाळाला लावलं की घोटाळा होतो. हजारातल्या एखाद्या बाळाचं पाऊल जन्मतःच आत वळलेलं आणि टाच वर ओढलेली असते. कितीही तेल जिरवा, ते सरळ होत नाही. पूर्वी यावर मोठी शस्त्रक्रिया करून सांधे मोकळे करत. पाऊल दिसायला छान व्हायचं, पण तिशी-चाळिशीत ताठर होऊन दुखायचं. अमेरिकेत आयोवा इथे काम करणाऱ्या इग्नासिओ पोनसेटी यांनी शस्त्रक्रियेऐवजी हाताने पाऊल वळवण्याची पद्धत बसवली. तान्ह्या पावलातली हाडं अजून बरीचशी कूर्चेचीच, म्हणजे मऊ, लवचीक असतात आणि हाडांना जोडणारे अस्थिबंध हळूहळू ताणले जातात, यावर तिची सगळी भिस्त.

खरी मेख आहे ती बोट कुठे टेकवायचं यात. डॉक्टर टाच धरून ओढत नाहीत. घोट्याच्या पुढे, बाहेरच्या बाजूला एका हाडाचं टोक अंगठ्याला लागतं. ते तिथेच रोखून उरलेलं पाऊल त्याच्याभोवती बाहेर फिरवतात, आणि टाच मागोमाग स्वतःच वळते. मग बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टर, गुडघा काटकोनात. दर आठवड्याला नवं प्लास्टर, अशी साधारण पाच-सहा. शेवटी टाचेमागची धोंडशीर (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी दोरी, रक्तवाहिनी नव्हे) बहुधा एका छोट्या छेदाने कापतात. ती पुढच्या तीन आठवड्यांत, शेवटच्या प्लास्टरच्या आत, लांब होऊन जुळते.

जुलैत बदलापूरहून परळला लोकलने बाळ आणायचं म्हणजे प्लास्टर कोरडं ठेवणं हेच एक काम होऊन बसतं, कारण भिजलं की ते मऊ पडतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बाळाची बोटं बघत राहणं. ती निळी किंवा पांढरी पडली, किंवा प्लास्टरच्या आत सरकून दिसेनाशी झाली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता परत जायचं.

माझ्या मते अवघड भाग इथून पुढे आहे. दांडीला जोडलेले बूट पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर, नंतर चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपताना. पाऊल सरळ दिसतंय, बाळ रडतंय, आजीचा जीव तुटतोय, मग बूट सुटतात. पाऊल पुन्हा वळण्याचं मुख्य कारण हेच.

सेरेब्रल पाल्सीत, म्हणजे वाढत्या मेंदूला इजा होऊन हालचाली बिघडतात त्या विकारात, गोष्ट आणखी छुपी असते. मेंदूची इजा वाढत नाही, पण हाडं वाढतात आणि ताठर स्नायू त्यांच्या वेगाने लांबत नाहीत. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीतून हळूहळू सरकतो, तेही सुरुवातीला न दुखता. ज्या मुलांना स्वतःहून चालता येत नाही, त्यांच्यात हा धोका सगळ्यात जास्त. म्हणून तक्रार नसतानाही ठरावीक काळाने खुब्याचा एक्स-रे काढतात.

परळला लहान मुलांचं वाडिया रुग्णालय 1929पासून आहे, हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. क्लबफूट आणि जन्मतः निसटलेला खुबा हे दोन्ही राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत आहेत, तेव्हा अंगणवाडीत तपासणीला पथक आलं की पायमोजे काढूनच बाळ दाखवावं.