मधुमेहात मध-गूळ चालतो, ही समजूत आली कुठून?

प्रमेह, म्हणजे मधुमेह ज्यांत मोडतो ते लघवीचे विकार, कशाने होतो, हे चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात एकाच श्लोकात सांगून टाकले आहे. बसून राहण्याचे सुख, झोपेचे सुख, दही, दूध, पाणथळ जागी राहणाऱ्या प्राण्यांचे मांस, नवे धान्य, आणि ‘गुडवैकृतं च’, म्हणजे गुळाचे पदार्थसुद्धा. त्याच अध्यायात पुढे रोग्याने काय प्यावे हे सांगताना ‘मधूदक’ येते, मध घातलेले पाणी. म्हणजे गूळ रोगाच्या कारणांत आणि मध पथ्यात. आज टपरीवर गुळाचा चहा ‘शुगरवाल्यांनाही चालतो’ म्हणून पुढे केला जातो आणि वर आयुर्वेदाचा दाखला दिला जातो, तेव्हा मला हा श्लोक आठवतो आणि मन अस्वस्थ होते. ऐकणारा विश्वासाने दोन कप पितो.

मधाला तिथे जागा मिळाली, त्यामागे त्या शास्त्राचा स्वतःचा विचार होता. प्रमेह मुख्यतः कफ आणि मेद वाढून होतो असे मानले जाई, आणि मध, विशेषतः जुना मध, रूक्ष व कफ कमी करणारा समजला जाई. तो बेताने, पुष्कळदा औषधासोबत घ्यायचा. शिवाय चरकाचे वीस प्रमेह म्हणजे आजचा मधुमेह नव्हे. त्यांतले दहा कफाचे, सहा पित्ताचे आणि चार वाताचे. मधुमेह त्या शेवटच्या चारांत येतो, आणि ते चारही असाध्य म्हटले आहेत. पथ्यात जवाचे अन्न आणि भरपूर श्रम होते. सुश्रुताने तर निर्धन रोग्याला शंभर योजने पायी चालायला सांगितले, एका गावी एकाच रात्रीचा मुक्काम करत, नाहीतर विहीर खणायला. या सगळ्यातून मध तेवढा आपण उचलला. जव, चालणे आणि विहीर मागेच राहिले.

रोगाच्या नावातही मध आहेच. रोग्याच्या लघवीकडे मुंग्या धावतात, हे आपल्या वैद्यांनी पाहिले होते. इंग्लंडमध्ये थॉमस विलिस याने १६७४ मध्ये ही लघवी मधासारखी गोड लागते असे लिहिले. ‘डायबेटीस मेलिटस’मधला ‘मेल’ म्हणजे लॅटिनमध्ये मधच. मॅथ्यू डॉब्सनने १७७६ मध्ये लिव्हरपूलला ती लघवी आटवली, तळाशी साखर उरली, आणि रक्तही गोड असल्याचे त्याने नोंदवले. ही द्राक्षातलीच साखर, म्हणजे ग्लुकोज, हे १८१५ मध्ये फ्रान्सच्या शेव्रलने ओळखले.

मग गोडाचे दिवस फिरले. ब्रिटिश डॉक्टर जॉन रोलोने १७९७ मध्ये मधुमेहींना मांस आणि चरबीचा आहार सुचवला, म्हणजे गोड बंदच. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला, अन्नाचे हाल झाले, आणि त्या उपासमारीत काही रोग्यांच्या लघवीतली साखर नाहीशी झाल्याचे तिथल्या बुशार्दा या डॉक्टरच्या लक्षात आले. इन्सुलिन १९२२ मध्ये पहिल्यांदा रोग्याला टोचले गेले. तोवर कमी खाणे हाच जगण्याचा मार्ग होता. साखरेवरची बंदी मात्र इन्सुलिननंतरही टिकली. १९९४ मध्ये अमेरिकन डायबेटीस असोसिएशनने म्हटले की कर्बोदक कुठले खाल्ले यापेक्षा एकूण किती खाल्ले हे महत्त्वाचे, तेव्हा कुठे ती सैल झाली.

या बंदीच्या काळातच ‘नैसर्गिक साखर वेगळी’ या कल्पनेला प्रयोगशाळेचा आधार मिळाला. जर्मनीत क्युल्झ या डॉक्टरने १८७४ च्या सुमारास दाखवले की फळांतली साखर, फ्रुक्टोज, मधुमेहींना ग्लुकोजपेक्षा बरी सोसते. निरीक्षण खरे होते. फ्रुक्टोज बहुतांशी यकृतात जाते, रक्तातले ग्लुकोज लगेच फारसे वाढवत नाही. त्यावर जर्मनीत एक बाजारच उभा राहिला: फ्रुक्टोज घातलेले खास मधुमेहींचे चॉकलेट, जॅम, बिस्किटे. पण यकृत त्यातून चरबी बनवू लागते, रक्तातले ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढू शकतात. २००२ मध्ये अमेरिकन असोसिएशनने फ्रुक्टोज वरून घालू नका, फळांतले मात्र टाळायचे कारण नाही, असा सल्ला दिला. जर्मनीने २०१० मध्ये नियम बदलले आणि दोन वर्षांच्या मुदतीनंतर ‘मधुमेहींसाठी’ हे लेबल दुकानांतून गेले. मधात सुमारे ३८ टक्के फ्रुक्टोज असते, म्हणून मधाची बाजू घेणारे आजही नकळत क्युल्झचाच मुद्दा मांडतात. सोबतचे ३१ टक्के ग्लुकोज त्यांच्या बोलण्यात येत नाही.

पुढचा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला: ग्लायसेमिक इंडेक्स, थोडक्यात जीआय. एखादा पदार्थ खाल्ल्यावर रक्तातली साखर किती चढते, ते ग्लुकोजला १०० धरून सांगणारा हा आकडा. टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी १९८१ मध्ये ६२ पदार्थ माणसांना खायला देऊन, रक्त तपासून ही मोजणी मांडली. ग्लुकोज १००, साखर ५९, फ्रुक्टोज २०, आणि मध ८७. मध साखरेच्या पुढे निघाला! नंतर वेगवेगळ्या फुलांच्या मधावर मोजण्या झाल्या आणि काहींचा आकडा पस्तिशीच्या आसपासही आला. फुलोरा बदलला की मध बदलतो, आणि बाटली पाहून हा आकडा कळत नाही. (कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये मिळालेला जीआय भौगोलिक ओळखीचा आहे. त्याचा रक्तातल्या साखरेशी संबंध नाही, हे सांगावे लागते, कारण दोन्ही जीआय एकच समजणारी माणसे भेटतात.)

प्रत्यक्ष मधुमेहींवरचा एक प्रयोग तेहरानचा, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला. टाइप २ च्या ४८ जणांवर आठ आठवडे तो चालला. मध घेणाऱ्यांचे वजन आणि वाईट कोलेस्टेरॉल कमी झाले, पण एचबीएवनसी वाढला. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज ज्या आकड्यावरून बांधायचा, तोच चढला. उलट २०२२ मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या अभ्यासकांनी १८ चाचण्या एकत्र तपासल्या, त्यात उपाशीपोटीची साखर मधाने कमी झालेली दिसली, आणि ती बातमी मोबाइलवर भराभर फिरली. त्यातली बहुतेक माणसे निरोगी होती आणि त्यांच्या एकूण आहारात साखर कमीच होती, ही ओळ बातमीसोबत फिरली नाही.

चमच्याचा हिशेबही पाहा. चहाचा सपाट चमचाभर साखर साधारण ४ ग्रॅम. तोच चमचा मधाने भरला तर ७ ग्रॅम, कारण मध जड. त्यातले पाणी वजा केले तरी साडेपाच ग्रॅमच्या वर साखर उरते. गूळही बहुतांशी उसाची साखरच. त्यातले लोह आणि खनिजे खरी आहेत, पण ती पुरेशी मिळावीत इतका गूळ खाणे मधुमेह्याला परवडणारे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मध, पाक आणि फळांचा रस यांना साखरेच्याच रांगेत बसवले, आणि ते सगळे मिळून रोजच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितले.

आपल्याकडे हा प्रश्न किती जवळचा आहे, ते भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसते. देशात १० कोटींहून अधिक मधुमेही, आणि सर्व राज्यांत गोवा पहिला, २६.४ टक्के. चारांतल्या एका प्रौढाहून जास्त. माडाचा गूळ ज्या स्वयंपाकघरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे, तिथली ही गोष्ट.

मधाबद्दल माझ्या मनात आकस नाही. महाबळेश्वरजवळच्या मांघरला २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून मान मिळाला, याचा आनंदच आहे. पण दुकानातली प्रत्येक बाटली मांघरची नसते. २०२० च्या डिसेंबरात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने १३ ब्रँड तपासले. सगळ्या चाचण्यांत फक्त ३ उतरले, बाकीच्यांत साखरेच्या पाकाची भेसळ निघाली. साखर सोडून मध धरणाऱ्या कुणाच्या ताटात पुन्हा पाकच येत असेल.

आणि इन्सुलिन किंवा गोळ्यांवर असलेल्या माणसाची साखर ७० च्या खाली घसरली, हात थरथरू लागले, घाम फुटला, तर डॉक्टर घरच्यांना काय सांगतात? तो शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, किंवा एक मोठा चमचा मध. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा.