विषाची परीक्षा कोणावर? मॉडेल सजीवांची पार्श्वभूमी

डायॉक्सिन या विषारी रसायनांच्या गटातला सर्वांत जहाल प्रकार गिनीपिगच्या पोटात गेला, तर शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण १ मायक्रोग्रॅमला निम्मे प्राणी दगावतात. हॅम्स्टरमध्ये तोच आकडा १,००० मायक्रोग्रॅमच्या वर जातो. दोघेही कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या कुळातले. मग माणूस यांपैकी कोणाच्या जवळचा मानायचा? विषशास्त्राला हा प्रश्न कधीच टाळता आलेला नाही, आणि माणसाच्या वतीने ज्यांच्यावर प्रयोग होतात ते प्रयोगशाळेतले प्राणी, म्हणजेच मॉडेल सजीव, बदलत गेले त्यामागेही बऱ्याच अंशी हाच प्रश्न आहे.

सुरुवात कुत्र्यांपासून झाली. १८१४ च्या सुमारास पॅरिसमध्ये मातेओ ऑर्फिला यांनी एकेक विष कुत्र्यांना देऊन त्याची लक्षणे नोंदवली आणि नंतर शवविच्छेदन करून ते विष कोणत्या अवयवात उतरले याचा शोध घेतला. विष उलटून पडू नये म्हणून ते कुत्र्याची अन्ननलिका बांधून टाकत. वाचतानाही अंगावर काटा येतो. पण विषबाधेचे निदान ऐकीव लक्षणांवरून न करता पुराव्यावरून करण्याची शिस्त याच कामातून रुजली, हेही नाकारता येत नाही.

पुढच्या शतकात कुत्र्याची जागा मुख्यतः उंदराने घेतली. तो लहान, लवकर वाढणारा आणि भराभर पिल्ले देणारा. फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत १९०६ पासून पांढऱ्या उंदरांचा एक ठरावीक वंश जोपासला गेला. आज इथे केलेला प्रयोग उद्या दुसरीकडे जवळपास तशाच उंदरांवर करून पाहणे त्यामुळे शक्य झाले. १९२७ मध्ये ब्रिटनच्या जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी एलडी-५० ही संकल्पना मांडली. दिलेल्या प्राण्यांपैकी निम्मे ज्या मात्रेला मरतात, ती मात्रा म्हणजे एलडी-५०. त्यांना डिजिटॅलिस, इन्सुलिन अशा औषधांच्या वेगवेगळ्या वेळी तयार केलेल्या साठ्यांची ताकद एका मापात मोजायची होती. पुढे मात्र कुठल्याही रसायनाच्या नावापुढे हा आकडा लावण्याची प्रथाच पडली आणि त्यासाठी असंख्य उंदीर खर्ची पडले. मूळ हेतू मागे पडून आकडाच शिल्लक राहिला, हे मला या इतिहासातले सर्वांत खेदजनक वळण वाटते.

प्राण्यांवर चाचणी न केल्याची किंमतही लोकांनी मोजली आहे. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइड या जंतुनाशक द्रव्याचे एक गोड पातळ औषध बाजारात आले. ते डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवात विरघळवलेले होते. शंभराहून अधिक लोक मेले, त्यात कितीतरी मुले होती. विक्रीआधी सुरक्षितता तपासण्याची सक्ती तेव्हाच्या कायद्यात नव्हती. ती १९३८ च्या कायद्याने आली.

थॅलिडोमाइडची गोष्ट याहून गुंतागुंतीची. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत झोपेचे औषध म्हणून ते विकायला आले. उंदरांना ते कितीही दिले तरी मरत नव्हते, म्हणून ते निर्धोक असल्याचा गाजावाजा झाला. गरोदर स्त्रियांनीही ते घेतले. १९६१ च्या अखेरीस ते मागे घेतले गेले, तोवर जगभरात दहा हजारांहून अधिक बाळे हातापायांच्या व्यंगांसह जन्मली होती. नंतर गाभण प्राण्यांवर चाचण्या झाल्या तेव्हा न्यूझीलंड जातीच्या सशांच्या पिल्लांत तशी व्यंगे दिसली. उंदरांत ती सहजी दिसली नाहीत. म्हणजे आधीच्या चाचण्यांत दोन चुका होत्या: गर्भाचा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, आणि नुसत्या उंदरांना विचारला असता तरी उत्तर फसवेच मिळाले असते. तेव्हापासून गर्भावरील परिणामांसाठी एक कुरतडणारा प्राणी आणि जोडीला ससा, अशा दोन जाती वापरण्याचा पायंडा पडला.

दरम्यान लहान जिवांनी आपापली जागा मिळवली होती. एडिंबरामध्ये शार्लट आवरबाख यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फळमाशीवर मस्टर्ड वायूचे प्रयोग केले आणि रसायनांमुळे जनुकांत बदल होतात हे दाखवले. डॅफ्निया हा गोड्या पाण्यातला कवचधारी जीव काही मिलिमीटरांचाच. त्याचे शरीर पारदर्शक, त्यामुळे धडधडणारे हृदय सूक्ष्मदर्शकाखाली थेट दिसते. त्यातल्या किती जणांची हालचाल ४८ तासांत थांबते, यावरून पाण्यातले प्रदूषण जोखतात. झेब्राफिश या छोट्या माशाचा गर्भ आईच्या शरीराबाहेर, तोही पारदर्शक अंड्यात वाढतो. एखादे रसायन नेमक्या कोणत्या तासाला कोणता अवयव बिघडवते, हे तिथे डोळ्यांनी पाहता येते. उंदराच्या पोटातल्या गर्भाबाबत हे कुठे शक्य होते?

प्राण्यांची संख्या आणि यातना कमी करण्याचा विचार १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी नेमक्या शब्दांत मांडला: पर्याय शोधा, संख्या घटवा, पद्धत सौम्य करा. तरी एलडी-५० ची जुनी तोंडावाटे चाचणी ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या मार्गदर्शक यादीतून वगळायला २००२ उजाडले.

थॅलिडोमाइडचे कोडे मात्र मागेच राहिले होते. २०१० मध्ये जपानी संशोधकांनी ते औषध सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला चिकटते हे दाखवले आणि त्याची पडताळणी झेब्राफिश व कोंबडीच्या गर्भांवर केली. उंदराचे सेरेब्लॉन माणसाच्या सेरेब्लॉनपेक्षा मोक्याच्या जागी एका अमिनो आम्लाने वेगळे आहे. २०१८ मध्ये पुढचा दुवा सापडला. माणसाच्या पेशीत हे औषध सेरेब्लॉनकरवी एसएएलएल-४ हे प्रथिन नष्ट करवते, उंदरात ते टिकून राहते. ज्यांच्यात हे प्रथिन बनवणारे जनुक जन्मतःच सदोष असते, अशा माणसांच्या हातांची व्यंगेही थॅलिडोमाइडच्या बाळांसारखीच दिसतात.