अमेरिकेत सुरुवातीच्या काळात एवढी कन्व्हेन्शनं का भरली?

कन्व्हेन्शन म्हटलं की आता टीव्हीवरचे फुगे, पाट्या आणि राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार आठवतो, पण पक्षांची राष्ट्रीय कन्व्हेन्शनं १८३१ पासूनची. त्याच्या आधी या शब्दाचा अर्थ बराच वेगळा होता.

शब्द आला इंग्लंडमधून. १६८८ मध्ये राजा जेम्स दुसरा पळून गेला, आणि पार्लमेंट भरवायचा हुकूम तर राजानेच काढायचा असतो, मग राजाच नाही तर करायचं काय? तरीही १६८९ मध्ये सभा भरलीच, तिला कन्व्हेन्शन म्हणाले. हुकूम नसताना भरलेली सभा, असं समजा.

अमेरिकन वसाहतींना हे अगदी कामाचं पडलं कारण तिथले गव्हर्नर नको तो ठराव झाला की असेंब्लीच बरखास्त करायचे. १७६८ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये तेच झालं, त्यात बॉस्टनला ब्रिटिश फौज येणार अशी बातमी, गव्हर्नर बर्नार्ड असेंब्ली बोलवायला तयार नाहीत, तेव्हा बॉस्टनकरांनी गावोगावी पत्रं पाठवून फॅन्युइल हॉलमध्ये प्रतिनिधी जमवले. १७७४ मध्ये व्हर्जिनियातही तसंच, असेंब्ली मोडली तर सभासद जवळच्या रॅले टॅव्हर्नमध्ये जाऊन बसले आणि ऑगस्टमध्ये कन्व्हेन्शन भरलं.

इथपर्यंत ही नाइलाजाची सोय होती. खरी मोठी गोष्ट पुढची आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. ऑक्टोबर १७७६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या कॉन्कॉर्ड गावाने ठराव केला की राज्यघटना कायदेमंडळाने लिहू नये, कारण घटना असते सरकारला आवर घालायला, आणि जे मंडळ ती लिहील ते उद्या बदलूही शकेल, मग लोकांच्या हक्कांना संरक्षण कसलं? त्यासाठी वेगळं कन्व्हेन्शन हवं. एका गावाने मांडलेला हा विचार, मला तर कमाल वाटते! तरी कायदेमंडळाने घटना लिहिलीच, १७७८ मध्ये गावांनी ती फेटाळली, आणि मग १७७९ मध्ये खास निवडून दिलेलं कन्व्हेन्शन बसलं. मसुदा मुख्यतः जॉन अ‍ॅडम्सचा, जो पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, १७८० मध्ये मंजूर, आणि दुरुस्त्यांसह तीच घटना आजही चालू आहे.

१७८६ मध्ये व्यापाराच्या प्रश्नावर अ‍ॅनापोलिसला सभा बोलावली तर पाचच राज्यांचे १२ जण आले, त्यांनी पुढच्या मे महिन्यात फिलाडेल्फियात जमायची हाक दिली. काँग्रेसने, म्हणजे सगळ्या राज्यांच्या सामाईक मंडळाने, परवानगी दिली ती फक्त राज्यांना एकत्र बांधणाऱ्या जुन्या करारात (आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन) दुरुस्ती करायला, पण जमलेल्यांनी नवी घटनाच लिहिली. आता मंजुरी कोणाकडून घ्यायची? राज्यांच्या कायदेमंडळांचे अधिकार कमी होणार होते, ती सहज कशी मानतील, आणि फिलाडेल्फियात व्हर्जिनियाकडून आलेल्या जेम्स मॅडिसनचं म्हणणं असं की नुसत्या कायदेमंडळांनी मान्य केलं तर तो राज्याराज्यांतला करार ठरेल, लोकांनी मान्य केलं तरच घटना. म्हणून सातव्या कलमात लिहिलं की नऊ राज्यांच्या कन्व्हेन्शनांनी होकार दिला की पुरे.

र्‍होड आयलंड फिलाडेल्फियाला गेलंच नव्हतं, त्यांनी कन्व्हेन्शन न बोलवता १७८८ मध्ये गावोगावी थेट मतदान घेऊन घटना नाकारली. शेवटी बोलवावंच लागलं, आणि २९ मे १७९० ला ३४ विरुद्ध ३२ मतांनी होकार आला.