सन्मानिका विकणे गुन्हा आहे का? : पार्श्वभूमी

क्रिकेट सामन्याचा फुकट मिळालेला पास, म्हणजे सन्मानिका, कोणी पैसे घेऊन दुसऱ्याला दिला, तर नेमका कोणता कायदा मोडतो? मोठा सामना जवळ आला की पोलीस ब्लॅकवाल्यांना पकडतात, बातमी येते, आठवडाभरात विषय मागे पडतो. प्रश्न तिथेच राहतो. त्याचे उत्तर शोधताना एकाच कायद्याचे पुस्तक उघडून भागत नाही.

मुंबईला तिकीटवाटपाची भांडणे नवी नाहीत. ब्रेबॉर्न स्टेडियम असताना हाकेच्या अंतरावर वानखेडे उभे राहिले, त्यामागे ब्रेबॉर्नचा मालक क्लब आणि शहराची क्रिकेट संघटना यांच्यातला जागांच्या वाटणीचा तंटा होता. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध वानखेडेवर पहिली कसोटी झाली. स्टेडियम नवे आले, कोट्याची पद्धत मात्र जुनीच राहिली. २ एप्रिल २०११ च्या विश्वचषक अंतिम सामन्याला सुमारे ३३,००० आसनांपैकी सर्वसामान्यांच्या वाट्याला जेमतेम ४,००० तिकिटे आली. बाकीची संलग्न क्लब, प्रायोजक आणि आंतरराष्ट्रीय संघटना यांच्या वाट्याला गेली. कोट्यातली सगळी तिकिटे फुकट नव्हती, हे खरे. पण कोट्यातून बाहेर पडलेले तिकीट पुढे कोणाच्या खिशात गेले, याची जाहीर नोंद नव्हती. आजही नाही.

सन्मानिकांवर पहिला ठोस लगाम २०१८ मध्ये आला. क्रिकेट कारभाराच्या सुधारणेसाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने जानेवारी २०१६ मध्ये अहवाल दिला होता. त्यावरून तयार झालेल्या भारतीय क्रिकेट मंडळाच्या घटनेला ऑगस्ट २०१८ मध्ये न्यायालयाची मंजुरी मिळाली आणि नियम ठरला, की ९० टक्के तिकिटे जनतेला विकायची, फुकट पास १० टक्क्यांच्या वर नाहीत. परिणाम दोन महिन्यांत दिसला. इंदूरच्या मैदानाची क्षमता सुमारे २७,०००, म्हणजे पास २,७०० च्या आसपास. त्यातले प्रायोजकांसाठी किती आणि स्थानिक संघटनेचे किती, यावर एकमत होईना. २४ ऑक्टोबरचा भारत-वेस्ट इंडीज सामना इंदूरहून विशाखापट्टणमला गेला. त्याच मालिकेतला मुंबईचा सामनाही वानखेडेऐवजी ब्रेबॉर्नवर झाला, आणि तिथल्या कुरबुरीतही पास होतेच. फुकटच्या पासांपायी आंतरराष्ट्रीय सामना शहर बदलतो, यावरून त्या पासांची खरी किंमत कळते.

दहा टक्क्यांच्या या नियमात एक मोठी फट आहे. पास किती काढायचे ते नियम सांगतो. ज्याला मिळाला त्याने पुढे काय करायचे, त्याबद्दल अवाक्षर नाही. ते सगळे पासच्या मागच्या बारीक अक्षरांवर सोडलेले आहे : ‘विक्रीसाठी नाही’, ‘हस्तांतरणीय नाही’, ‘प्रवेश नाकारण्याचा हक्क राखीव’.

या बारीक अक्षरांना वजन कुठून येते ते पाहण्यासाठी १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाकडे जावे लागते. १८९१ मध्ये तो मुंबई इलाख्याला लागू झाला. दुसऱ्याच्या जागेत शिरण्याची परवानगी, एवढेच त्या कायद्याच्या नजरेतून तिकीट. अशी परवानगी एरवी दुसऱ्याला देता येत नाही. पण कलम ५६ ने सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणाचा मुद्दाम अपवाद केला आहे : वेगळा हेतू व्यक्त झालेला नसेल, तर तिथल्या प्रवेशाची परवानगी हस्तांतरित करता येते. विकत घेतलेली की फुकट मिळालेली, असा भेद कलम करत नाही. हस्तांतर पैसे घेऊन की तसेच, हेही विचारत नाही. म्हणजे मूळ नियम पास हाती असणाऱ्याच्या बाजूचा आहे, आणि ‘हस्तांतरणीय नाही’ हे दोन शब्द छापले की तो उलटतो. मात्र उलटला तरी त्यातून गुन्हा तयार होत नाही. फार तर गेटवर पास रद्द होतो. ज्याने मोबदला दिला आणि ज्याला चूक नसताना बाहेर काढले, त्याला भरपाई मागण्याचा हक्क कलम ६४ देते. सन्मानिकावाल्याने मोबदलाच दिलेला नसल्याने त्याला तेवढाही आधार नाही.

मग पोलीस कशाखाली पकडतात? बराच काळ फसवणुकीचे कलम ४२० लावले जाई. त्याला जोड म्हणून राज्याराज्यांचे पोलीस कायदे. महाराष्ट्रात १९५१ च्या अधिनियमाचे कलम ३३ सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणांबद्दल नियम करण्याचे अधिकार देते. फसवणुकीचा मुद्दा मात्र टिकायला कठीण असतो. गिऱ्हाईकाला छापील दर दिसतो, फुकटचा शिक्का दिसतो, तरी तो राजीखुशीने पैसे मोजतो. मग फसले कोण? बनावट पास खपवला, किंवा गेटवर अडवतील हे ठाऊक असूनही दडवले, तर गोष्ट वेगळी. तिथे फसवणूक उघड आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्या कलम ११२ मध्ये ‘तिकिटांची अनधिकृत विक्री’ हे शब्द प्रथमच मूळ फौजदारी कायद्यात आले. चोरी, हिसकावणे, सट्टा, प्रश्नपत्रिकांची विक्री यांच्या पंगतीत. शिक्षा किमान एक वर्ष, कमाल सात वर्षे, शिवाय दंड. पण अनधिकृत कोणाच्या दृष्टीने, हे संहितेने सांगितलेले नाही. संयोजकाने परवानगी दिलेली नसेल तर अनधिकृत? की सरकारी परवाना नसेल तर? सुविधाधिकार अधिनियमाचे कलम ५६ हस्तांतराला मुभा देते आणि पासवर मनाईही छापलेली नाही, तर ती विक्री अनधिकृत ठरवायची कशी? दुसरी अट त्याहून महत्त्वाची : आरोपी एखाद्या गटाचा किंवा टोळीचा सदस्य असायला हवा. वीस-तीस पास गोळा करून माणसे पेरणारा टोळीवाला यात सापडेल. क्लबकडून मिळालेला एकच पास व्हॉट्सअ‍ॅपवर विकणारा गृहस्थ सापडणे अवघड. आणि माझ्या मते सगळ्यात खटकणारी गोष्ट म्हणजे पासांचे पाकीट ज्याने मुळात फोडले, तो पदाधिकारी या कलमात कुठे बसतो, हे स्पष्ट नाही.

इंग्लंडने हा शब्द सैल सोडला नाही. तिथे १९९४ च्या कायद्याच्या कलम १६६ ने फुटबॉल सामन्याच्या तिकिटांची अनधिकृत विक्री गुन्हा ठरवली, आणि संयोजकांची लेखी परवानगी नसलेला तो अनधिकृत, असे तिथेच लिहून टाकले. उद्देशही सांगता येण्याजोगा होता : दोन संघांचे समर्थक वेगवेगळ्या स्टँडमध्ये राहावेत. आपल्याकडे रेल्वे कायदा १९८९ चे कलम १४३ परवानगीशिवाय तिकिटांचा धंदा करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगते. तिथे परवानगी कोणाची, यावर वाद होत नाही. सामन्यांसाठी असे वाक्य कोणी लिहिलेलेच नाही.

करखात्याने फुकट पासाकडे आपल्या चष्म्यातून पाहिले. २०१८ मध्ये पंजाबात एका आयपीएल संघाच्या मालक कंपनीने विचारणा केली. पैसे न घेता आत सोडणे हीदेखील एक सेवाच, तेव्हा विकत मिळणाऱ्या तशाच तिकिटाच्या किमतीवर जीएसटी भरा, असा अग्रिम निर्णय आला. अपिलात तो फिरला : मोबदला नाही तिथे पुरवठा नाही, म्हणून करही नाही, संबंधित व्यक्तींना दिलेले पास तेवढे वगळून.

२०२५ मध्ये हैदराबादेत पासांची गोष्ट पार कोठडीपर्यंत गेली. तिथल्या क्रिकेट संघटनेला करारानुसार दहा टक्के, म्हणजे ३,९०० पास मिळत असताना तिच्याकडून आणखी जागांसाठी दबाव आणला जातो, एका सामन्याआधी बॉक्सला कुलूपही घातले, अशी तक्रार हैदराबादच्या आयपीएल संघाने केली. दक्षता चौकशी झाली आणि जुलैमध्ये संघटनेच्या अध्यक्षांना अटक झाली. यात गेटवरचा ब्लॅकवाला कुठेच नव्हता. चौकशी पासांच्या उगमापर्यंत पोहोचल्याचे असे उदाहरण विरळा, म्हणून ते इथे नोंदवायला हवे.

महाराष्ट्रात त्याच वर्षी जानेवारीत उच्च न्यायालयाने तिकिटांच्या ऑनलाइन काळ्या बाजाराविरुद्धची जनहित याचिका फेटाळली. नियम करणे हे विधिमंडळाचे आणि सरकारचे काम, असे न्यायालयाने सांगितले. दरम्यान २२ सप्टेंबर २०२५ पासून आयपीएल तिकिटांवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला. हजाराचे तिकीट रांगेत उभे राहून घेणाऱ्याला आता चौदाशे रुपये पडतात. ब्लॅकने विकल्या जाणाऱ्या सन्मानिकेतून सरकारच्या तिजोरीत एक रुपयाही येत नाही.