जुन्या रोड सायकलला कुठले हब शोभते?

जुनी रोड सायकल पुन्हा उभी करताना रंग, स्टिकर आणि सॅडल यांच्यासाठी लोक महिनोन्महिने खटपट करतात. हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या, आरे जिथून निघतात त्या भागाची वेळ आली की मात्र 'काम्पान्योलो (ही इटालियन कंपनी) बसवून टाकू' म्हणून मोकळे होतात. काम्पान्योलोचे हब उत्तम होते, यात वाद नाही. पण 1950 च्या सुमारास इंग्लंडमधल्या एखाद्या कामगाराने पगारातून बाजूला टाकलेल्या पैशांत घेतलेल्या सायकलवर ते बहुधा नसायचेच. तिथे ब्रिटिश हब कंपनीचे 'एअरलाइट' किंवा बेलिस-वायलीचे साधे हब असायचे, आणि त्या फ्रेमला तेच शोभते. हब निवडावे ते फ्रेमचे साल आणि देश पाहून. त्याची कारणे हबच्या इतिहासातच आहेत.

टूर द फ्रान्समध्ये 1937 पर्यंत डिरेलरला, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या गिअरला, परवानगी नव्हती. तोवर मागच्या हबला दोन्ही बाजूंना आटे पाडलेले असत आणि दोन बाजूंना कमीजास्त दातांची चक्रे. घाट लागला की स्वार खाली उतरायचा, विंग नट (हाताने फिरवायचा पंखांचा नट) सैल करायचा, चाक काढून उलटे बसवायचा आणि पुन्हा निघायचा. म्हणून 1930 च्या आसपासच्या रेसिंग फ्रेमवर दुहेरी आट्यांचे हब आणि विंग नट हीच खरी जोडी. या विंग नटांवरूनच त्या कंपनीचा संस्थापक, सायकलस्वार तुल्लियो काम्पान्योलोची प्रसिद्ध कथा सांगितली जाते: 1927 मध्ये क्रोचे द'औने खिंडीत बर्फ पडत असताना गारठलेल्या बोटांनी नट सुटेना आणि हातची शर्यत गेली. कथेतला तपशील कसाही असो, 1930 मध्ये त्याने क्विक रिलीजचे पेटंट घेतले आणि 1933 मध्ये विचेंझा शहरात कारखाना काढला. कल्पना साधी होती. एक्सल पोकळ करायचा, त्यातून सळई घालायची, एका टोकाला खटक्याची दांडी आणि दुसऱ्या टोकाला नट. दांडी फिरवली की चाक मोकळे. पाना लागत नाही.

पेटंट 1930 चे असले, तरी त्यानंतरच्या प्रत्येक सायकलवर क्विक रिलीज आले असे नाही. इंग्लंडमधल्या क्लबच्या सायकलींवर नट आणि विंग नट पुढे कितीतरी वर्षे चालू राहिले. 1948 च्या इंग्लिश फ्रेमवर क्विक रिलीज बसवायचे, तर ती सायकल मुळात कुणासाठी बनली होती याचा आधी विचार करावा.

देश ओळखायची सर्वांत सोपी खूण म्हणजे आऱ्यांची संख्या. इंग्लंडमध्ये पुढच्या चाकाला 32 आणि मागच्या चाकाला 40 आरे घालायची पद्धत होती. फ्रान्स आणि इटलीत दोन्हीकडे 36. बेरीज दोन्हीकडे 72 च. इंग्रजांनी पुढचे चार आरे मागे दिले, कारण वजन आणि ताकदीचा बहुतेक ताण मागच्या चाकावर येतो. आपल्याकडच्या काळ्या रोडस्टर सायकलींमध्ये हाच 32-40 चा हिशेब आजही टिकून आहे. रोडस्टरचे जड स्टीलचे हब रेसिंग फ्रेमवर चालणार नाही, ते वेगळे. पण चाळीस भोकांची रिम आणि छत्तीस भोकांचे हब असा घोळ करून बसू नये म्हणून हे आधी मोजून घ्यावे. ब्रिटिश सायकलींनी 36-36 ची वाट धरली ती बऱ्याच नंतर.

आट्यांचे प्रकरण त्याहून चिवट आहे. फ्रीव्हील (मागच्या दातेरी चक्रांचा, हबवर पिळून बसवायचा संच) ज्या आट्यांवर चढते, ते इंग्लिश हबला 1.370 इंच व्यासाचे आणि इंचाला 24, इटालियन हबला 35 मिलिमीटर व्यासाचे आणि इंचाला 24, तर फ्रेंच हबला 34.7 मिलिमीटर व्यासाचे आणि एक मिलिमीटर पिचचे, म्हणजे दोन आट्यांमध्ये तेवढे अंतर. इंग्लिश आणि इटालियन एकमेकांवर बरेचदा निभावून जाते. फ्रेंच हबवर इंग्लिश फ्रीव्हील मात्र अलगद चढते, बरोबर बसल्यासारखे वाटते, आणि पहिल्या चढाला जोर लावला की हबचे मऊ अल्युमिनियमचे आटे सोलून निघतात. असे हब पुन्हा कामाचे राहत नाही. जुना माल विकत घेताना मी सगळ्यांत जास्त वेळ या आट्यांवर घालवतो.

फ्रान्सबद्दल एक अन्याय होतो, तोही इथे सांगायला हवा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सायकलींची तुफान मागणी आली, तेव्हा प्यूजो सायकली तिकडे गेल्या त्या मायार कंपनीच्या 'नॉर्मंडी' हबवर, मोठ्या फ्लँजच्या (फ्लँज म्हणजे आरे अडकवायची हबच्या कडेची चकती). आज ते स्वस्त मिळतात म्हणून लोक काढून टाकतात. कृपा करून काढू नका. छर्रे आणि ते ज्यावर फिरतात ते शंकूच्या आकाराचे 'कोन' बदलून, नीट ग्रीस भरून, खेळ बेताचा ठेवला तर ते सुरेख फिरतात. आणि लांब पल्ल्याच्या प्रवासी सायकलींसाठी फ्रेंचांनी केलेले 'मॅक्सी-कार' हब तर जगभरचे जाणकार अजून शोधत असतात.

मोठ्या फ्लँजचा काळ म्हणजे ढोबळमानाने साठ आणि सत्तरचे दशक. आरे आखूड होतात, चाक ताठ राहते, असा त्यामागचा दावा होता. दिसायला ती देखणी, हे तर खरेच. फ्लँजचा आकार बदलला की आऱ्यांची लांबीही बदलते. जुने आरे नव्या हबला लावून आऊट काढत बसण्यात अर्थ नसतो.

काम्पान्योलोचेच हब योग्य ठरेल अशी फ्रेम असेल, तर मागच्या एक्सलचा लॉकनट भिंगाखाली पाहा. काम्पान्योलोच्या 'रेकॉर्ड' नावाच्या हबवर तिथे 'CAM' या अक्षरांपुढे सालाचे दोन आकडे ठोकलेले सापडतात: 66, 72 असे. नट मागाहून बदललेला असू शकतो, हे लक्षात ठेवावे. हबच्या मधोमध तेलाचे बारीक छिद्र आणि त्यावर स्प्रिंगची पातळ पट्टी असते. पट्टी सरकवायची, दोन थेंब तेल सोडायचे, पट्टी परत जागेवर.

मागच्या हबची रुंदी फ्रीव्हीलच्या चक्रांबरोबर वाढत गेली. पाच चक्रांच्या काळात 120 मिलिमीटर, सहा-सात झाली तेव्हा 126, आणि आठ आली तेव्हा 130. रुंदी वाढली तसा फ्रीव्हीलच्या बाजूचा छर्र्यांचा आधार फ्रेमच्या टोकापासून दूर गेला, आणि तिथे एक्सल वाकू लागले, तुटूही लागले. जपानच्या शिमानोने 1978 मध्ये आपल्या ड्युरा-एस या रेसिंग भागांच्या मालिकेत फ्रीहब (फ्रीव्हीलची यंत्रणा अंगातच असलेले हब) आणले आणि छर्र्यांची जागा पुन्हा बाहेर नेली. उपाय पक्का होता, पण त्याच्या आधीच्या सायकलीवर ते हब लगेच परके दिसते. इटलीतल्या 'लेरोईका' या 1997 पासूनच्या जुन्या सायकलींच्या स्वारीत 1987 पर्यंतच्या सायकली चालतात, त्यामुळे तिथे सुरुवातीची फ्रीहब बसतात. साठच्या दशकातल्या फ्रेमचे म्हणाल तर माझे मत तरीही नाहीच.

120 ची फ्रेम ताणून 126 करायची घाई मात्र करू नये. सनटूर या जपानी कंपनीने सत्तरच्या दशकात 'अल्ट्रा-6' फ्रीव्हील काढले ते याच अडचणीसाठी: चक्रांमधले अंतर कमी करून पाचच्या जागेत सहा बसवली, हब आणि फ्रेम होती तशीच ठेवून.