गॅसला वास येतो म्हणजे तो नीट शुद्ध केलेला नसतो?

‘पाइप गॅसला कुजका वास येतो, म्हणजे त्यातलं गंधक काढलेलंच नाही,’ असा मेसेज अनेक वर्षं फिरतोय. शंका रास्त आहे, कारण तो वास खरोखरच गंधकाच्या संयुगाचा असतो. फक्त ते संयुग विहिरीतून आलेलं नसतं.

मुंबईजवळच्या समुद्रातल्या बसीन या वायूक्षेत्रातून निघणाऱ्या वायूत हायड्रोजन सल्फाइड हा गंधकयुक्त वायू असतो. विषारी, आणि ओलावा असेल तर पाइप खाणारा. म्हणून सुरतजवळ हजिऱ्याला हा वायू उंच मनोऱ्यात खालून सोडतात आणि वरून अमाईन या रसायनाचं पाण्यातलं द्रावण येतं. अमाईन अल्कधर्मी, हायड्रोजन सल्फाइड आम्लधर्मी. त्यामुळे तो द्रावणात बांधला जातो. पुढे दुसऱ्या मनोऱ्यात साधारण ११० ते १२५ अंश सेल्सिअसला तापवलं की तो सुटतो आणि तेच अमाईन पुन्हा कामाला लागतं. सुटलेल्या वायूपासून पिवळं गंधक बनवता येतं.

उरलेला वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि त्याला वासच नाही. गळती झाली तर कळणार कसं? म्हणून शहराच्या वेशीवरच्या स्टेशनात मर्कॅप्टन हे उग्र वासाचं गंधकाचं संयुग मुद्दाम मिसळतात, तेही अगदी अत्यल्प.

पडताळायचं असेल तर गॅस पुरवठादाराचं सुरक्षा माहितीपत्रक वाचा. वासासाठी काय मिसळलंय ते त्यात सापडेल. मात्र घरात वास आला तर तो गळतीचाच समजा: व्हॉल्व्ह बंद, खिडक्या उघड्या, दिव्याच्या बटणाला हात नाही, आणि बाहेर जाऊन आपत्कालीन क्रमांकावर फोन.